आधी तलवार का?

मांजर्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात मी स्तोत्रांच्या प्रती काढावयास जातो. दुकानदार कागदांच्या कडा जुळवता जुळवता कॉलेजच्या मुलांशी एका जादूच्या मालिकेवर वाद घालत असतो. "पटत नाही. राणीला शाप ठाऊक होता ना, मग ती गेलीच का? कारण सांग, कारण!" नैयायिकालाही हेवा वाटावा अशी त्याची चिकाटी.

परवा एक मुलगी म्हणाली, "काका, कालच्या एपिसोडमध्ये तर हद्दच झाली. महाल बुडतोय आणि हीरो आधी तलवार वाचवतो, आईला नंतर! रायटर झोपला होता काय?"

सगळे हसले. दुकानदाराचे हात थांबले.

"ती चूक नाही," तो म्हणाला. "त्याला वाटलं, पाणी अजून खाटेखालीच आहे."

"पण काका, तिथे खाट नव्हतीच!"

तो यंत्राकडे वळला.

मागच्या महापुरात हेच यंत्र आम्ही दोघांनी आधी वरच्या मजल्यावर नेले. तो आईसाठी परत धावला, तोवर तिची खाट बुडाली होती. "आईंना मागाहून आणू," असे मीच म्हणालो होतो.

त्याचे कारण त्याने मला आजवर विचारलेले नाही.