कापून दिलेला कोपरा

किराणा दुकानात एका आजोबांनी बिस्किटांचा पुडा घेतला आणि म्हणाले, "कोपरा कापून दे बाबा, घरी उघडत नाही." दुकानदाराने कात्री चालवली. माझा पाय निघेना.

संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या आईला मी दरमहा खाऊ पाठवायचो. खोक्यात खोकं, त्यात चकचकीत पाकिटं. एवढा कडेकोट बंदोबस्त कुणापासून, कोण जाणे. फोनवर विचारलं की म्हणायची, "खाल्लं रे, छान होतं."

ती गेल्यावर कपाट उघडलं. मला परत लागतील म्हणून खोकी घडी घालून ठेवलेली. पाकिटं मात्र सगळी बंद. 'इथून फाडा' लिहिलेल्या प्रत्येक कोपऱ्यावर तिच्या दातांचे व्रण होते.