खंडेनवमीला धुतलेले बूट

माझ्या हातून घरकाम नीट होत नाही, यावर आमच्या घरात एकमत आहे. म्हणून त्या खंडेनवमीला मी जरा जास्तच मन लावून बूट धुतले. शेजारच्या आजोबांचे, सत्तर वर्षांपूर्वीचे. तळाच्या खाचांतली वाळलेली लाल माती टूथब्रशने उकरून काढली, चामड्याला पॉलिश केलं, टूथब्रशसुद्धा नळाखाली धरून लख्ख केला.

आजोबा मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तरुणपणी बोटीने इकडे इंग्लंडात, यॉर्कशायरला आले ते रग्बी लीग खेळायला. फॉरवर्ड. "म्हणजे समोरच्याच्या अंगावर जायचं, पडायचं, उठायचं, परत जायचं," ते सांगत. "पेपरात फोटो मात्र मागच्या, पळणाऱ्यांचा." नाक तीनदा मोडलं, गुडघा एकदाच, पण कायमचा. मग गिरणीत नोकरी, लग्न, आता एकटेच. दोन वर्षांसाठी आलेला माणूस राहूनच गेला. मीही पुण्याहून दोनच वर्षांसाठी आलो होतो.

तर ज्या हत्यारावर पोट भरलं ते धुऊन पुजायचं, हे मी त्यांना समजावलं आणि बुटांचं खोकं मागून आणलं.

"देवासमोर बूट?" बायको म्हणाली.

"हत्यार आहे त्यांचं."

"आणि तुझं?"

"लॅपटॉप."

"मग बूटच ठेव. त्यांनी काम तरी केलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खोकं आणि वाटीभर शिरा घेऊन गेलो. आजोबांनी एक बूट उचलून उलटा केला. नाकाशी नेला. बराच वेळ तिथेच धरला.

"चकचकीत केलेस की."

मी खूश. "माती फार होती हो."

"हो. आमच्या गावच्या मैदानाची. निघायच्या आदल्या दिवशीची मॅच. आई कुंपणाशी उभी होती, पहिल्यांदाच आली होती बघायला." बूट परत नाकाशी गेला. "इथे क्लबने नवे दिले. हे मग घातलेच नाहीत. तीही परत भेटली नाही."

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तेच माझी पाठ थोपटायला लागले. शिरा सगळा संपवला. "पॉलिशचा वास छान आहे," म्हणाले.

घरी आल्यावर बायकोने सिंकवरचा टूथब्रश घेतला, खिडकीपाशी उजेडात धरला, त्याचे केस वाकवून वाकवून पाहिले. मग जागेवर ठेवला.

"ब्रश तरी धुवायचा नव्हतास रे," ती म्हणाली.