ताळा आणि पाचशे बारा पानं

गेल्या रविवारी जळकोटला, आत्याच्या ओसरीवर बसून मी माझी चूक स्वतःहून जगाला कळवली. आणि तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत...

मी नांदेडला एका छोट्या कंपनीत काम करते. उरलेल्या वेळात, जगभरचे लोक मिळून लिहितात अशा एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं कोड वाचते. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा सगळ्यात आतला भाग. कुणाला किती मेमरी द्यायची ते तो बघतो.

ही मेमरी तो छोट्या छोट्या पानांनी वाटतो. काम मोठं असेल तर पाचशे बारा पानं एकत्र बांधून एकच मोठं पान देतो, ह्यूज पेज. पाचशे बारा नोंदी सांभाळण्यापेक्षा एक सांभाळणं सोपं, एवढंच.

मेमरीच्या एखाद्या तुकड्यात किती पानं वापरात आहेत हे मोजणारा लहानसा बदल मी लिहिला होता. माझा पहिलाच पॅच. तीन आठवडे तपासला आणि शुक्रवारी मेलिंग लिस्टवर पाठवला... तिथे सगळे वाचतात आणि लिहिलेलं कधी पुसता येत नाही.

आता आत्याबद्दल. लहानपणी मी शाळेच्या फाटकाशी इतकी रडायचे की तिसरीपर्यंत सुमनआत्यानेच मला घरी शिकवलं. तिचे नियम दोन. ताळा केल्याशिवाय उत्तर पूर्ण नाही. आणि चूक सापडली तर लाल पेन माझ्या हातात, तिच्या नाही.

रविवारी ती शेंगा फोडत बसली होती. मी सारखा फोन का बघते म्हणून विचारलं, तर मी तिला सगळं ह्यूज पेज पुराण ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताळा केलास का गं?"

"केला की. पन्नास वेळा."

"कोणत्या आकड्यांनी? धा, ईस, शंभर... असलेच घेतले असशील. दुसरीत बी तसंच करायचीस, लबाड. अडनिडा आकडा घेऊन बघ."

मी हसले. आणि मग माझ्या लक्षात आलं. माझी प्रत्येक चाचणी मोठ्या पानाच्या अगदी सुरुवातीपासून सुरू होत होती... मधूनच सुरू होणारा तुकडा मी एकदाही घेतला नव्हता.

लॅपटॉप उघडला. मोठ्या पानातली शेवटची बाराच पानं येतील असा तुकडा दिला. माझ्या कोडने सांगितलं, पाचशे बारा.

लिस्टवर अजून कुणाचंच उत्तर आलं नव्हतं. गुपचूप दुरुस्त करून नवीन पाठवता आलं असतं... पण मग तोवर कुणी तो चुकीचा पॅच घेतला तर? आणि चूक कबूल केली, तर जिला मोजता येत नाही तिचा पुढचा पॅच कोण वाचणार?

"लाल पेन कुठंय?" आत्या.

"सगळे हसतील गं मला."

"हसू दे की! तू रडत बसण्यापेक्षा बरं."

मी मेल लिहिला. माझा पॅच चुकला आहे, इथे चुकला आहे, कृपया घेऊ नका. आणि पाठवून दिला. दुपारी आत्याने अक्षरशः धाक दाखवून जेवायला घातलं.

चहाच्या वेळी उत्तर आलं. त्या भागाचं कोड सांभाळणाऱ्या एका फार मोठ्या माणसाचं. मी फोन उलटा ठेवला, सुलटा केला, शेवटी मेल वाचला...

हा हिशोब तू माझ्याच जुन्या फंक्शनवरून, म्हणजे कोडच्या एका भागावरून, घेतला आहेस ना, असं त्याने विचारलं होतं. मग माझंही इतकी वर्षं चुकतंय आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही तूच दुरुस्त कर, आणि मनापासून आभार.

मी अशी उडाले की आत्या ओरडली, "इंचू चावला का गं?"

सगळं सांगितल्यावर तिने एक शेंग फोडली आणि म्हणाली, "त्येनं बी धा-ईसच घेतले असतील."

काल नवीन पॅच स्वीकारला गेला. तिथे एक पद्धत आहे, कल्पना ज्याची असेल त्याचं नाव खाली लिहायचं. कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या माणसाचं नाव चालेल का, असं मी आधी विचारून घेतलं. चालेल म्हणाले. आत्यालाही विचारलं. माझ्या नावाखाली आता तिचं नाव आहे, कायमचं.

स्क्रीनशॉट पाठवला तर तिचा फोन. "नाव बराबर हाय. अडनिड्या आकड्यांचा ताळा जोडलास का संगं?"

"जोडला."

"मंग ठीक."

मला वाटलं, संपलं. पण तिने फोन बंद केलाच नव्हता... शेजारच्या काकूंना मारलेली हाक मला स्पष्ट ऐकू आली. "शांताबाई, ओ शांताबाई! हिकडं या लवकर, माझं नाव कुठं आलंय बघा!"

चूक सापडली की भीती अजूनही वाटतेच. पण आता मी आधी पेन शोधते... ते तिने दिलेलं आहे.