मातीचं अंडं

माझी सून युक्रेनची. मुलगा तिकडे डॉक्टरकी शिकायला गेला आणि पदवीबरोबर तिलाही घेऊन सांगलीला आला. आम्ही जैन, चातुर्मासात घरात कांदा-लसूणही बंद. तरी पोरीनं सगळं निभावलं, भाषासुद्धा आमचीच उचलली.

यंदा हिवाळ्यात तिची आई वारली. युद्धामुळे जाता आलं नाही, मातीसुद्धा फोनवरच पाहिली. आईला शेवटचं काही देता आलं नाही, हे तिला आतून खात होतं.

ईस्टर झाला तशी ती म्हणाली, "आई, मला एक अंडं पायजे."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. तिकडे ईस्टरनंतरच्या रविवारी लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर रंगवलेली अंडी ठेवतात, तिथंच बसून जेवतात. पाद्रीही येतो. "पर हे चर्चच्या आदीचं हाय," ती म्हणाली. "चर्चनं मागनं घरात घेतलं." मला नवल वाटलं नाही. आम्ही बेंदराला बैल पुजतो, ते तरी कुठल्या शास्त्रात आहे?

पण अंडं ते अंडं. बेंदराचे मातीचे बैल करणाऱ्या कुंभाराकडून मी मातीचं अंडं करवून आणलं. आमचे हे तडकलेच.

"आपल्या पुराणातल्या राजाला नुसता पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागलं, ठावं हाय न्हवं?"

"आवं, कापतंय कोण? रंगवायचंय ते."

"आन् जीव गेला की लगीच दुसरा जन्म. थडग्यावर हाय कोण खायला?"

हे सुनेसमोर बोलायची काय गरज होती? मला भयंकर राग आला. ती मात्र अंड्यावर सूर्य आणि गव्हाची ओंबी काढत राहिली.

रविवारी ती अंडं आणि गोड पाव घेऊन अंगणात नुसती उभी. ठेवणार कुठं? थडगं तर तिकडं राहिलेलं. यांनी तिला हाक मारून गच्चीवर नेलं. मीही मागोमाग गेले.

आमच्यात श्राद्ध नसतं. तरी दर पितृअमावस्येला हे गच्चीच्या कठड्यावर, एका कोपऱ्यात, आपल्या आईसाठी पुरणपोळी ठेवतात आणि कावळा येईपर्यंत हलत नाहीत. त्यावरून मी त्यांना कधी छेडलेलं नाही.

त्या कोपऱ्यातली धूळ त्यांनी हातानं पुसली.

"हितं ठेव, पोरी. माझी आई बी हितंच येती. तुझ्या आईला सोबत हुईल."