सरळ खाचेचा स्क्रू

घड्याळआत्या अठ्ठावीस वर्षं विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये होती. वैमानिकासमोर तबकड्यांची जी फळी असते, उंचीची, वेगाची, इंधनाची, ती खोलायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा बसवायची, हे तिचं काम. हँगरमध्ये त्या तबकड्यांना सगळे घड्याळंच म्हणत, म्हणून ती घड्याळआत्या. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की त्याच्या हातात पाना देऊन म्हणायची, धर जरा.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी तिचं लाडकं जुनं प्रवासी विमान भंगारात निघालं. तोडायच्या आदल्या दिवशी तिने आत बसून फळीचे चारशे फोटो काढले, विमानाला नमस्कार केला आणि घरी आली. मग पाच वर्षं कॉम्प्युटरवर तेच विमान पुन्हा बांधत बसली. घरबसल्या विमान चालवायचा एक खेळ असतो. खेळाबरोबर मिळतात ती विमानं मोजकीच. बाकीची विमानं लोकच बनवतात, कुणी विकतं, कुणी तशीच देतं. आत्याने आपलं तसंच दिलं. हौशी मंडळींच्या संकेतस्थळावर ठेवलं, खाली लिहिलं, ‘घ्या, उडवा, चुका कळवा.’

तिच्याबरोबर राहायची ती तिची वहिनी, भावाच्या माघारी. वहिनी शिवणकाम करायची आणि जिभेलाही कात्रीसारखी धार होती. ‘मी पडद्याला टीपसुद्धा फुकट मारत नाही. फुकटाला लोक पाय पुसतात,’ हे तिचं आठवड्यातून दोनदा ठरलेलं. आत्या म्हणायची, देवाने हात दिले तेव्हा बिल लावलं नव्हतं.

कुरबूर निघाली ती फळीवरून. पहिल्या आवृत्तीत फळी साधीच होती. दुसऱ्या आवृत्तीसाठी आत्याने ती स्क्रूसकट नव्याने केली आणि जाहीर करण्याआधी तपासायला म्हणून दहाबारा जणांना पाठवली. ती आवृत्ती बाहेर पडायच्या दोन महिने आधी एका कंपनीने तेच विमान विकायला काढलं आणि मग उलट तक्रार केली की या बाईने आमची फळी चोरली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. आत्याने आपल्या जुन्या फायली दाखवल्या, तर कंपनी म्हणाली, फायलीवरच्या तारखा कुणीही बदलतो, आणि तपासणारे तुमचेच ओळखीचे; आम्ही कारखान्याच्या मूळ नकाशांवरून काम केलंय. संकेतस्थळाने आत्याला आठ दिवस दिले. पुरावा द्या, नाहीतर विमान काढून टाकू.

कंपनीच्या माणसाने फोनही केला. गोड बोलला. आमच्या नावाखाली या, तुमच्या विमानालाही किंमत लावू, भांडण मिटेल.

“माझ्या विमानाला किंमत आहे,” आत्या म्हणाली. “मी ती मागत नाही, एवढंच.”

आणि फोन ठेवला.

पण नुसत्या बाणेदारपणाने विमान वाचत नाही. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी वहिनी मशीनवरून उठून आली आणि म्हणाली की मी ते विकतचं विमान घेतलंय. आत्या बघतच राहिली. टीप फुकट न मारणारी बाई!

“शत्रूचं घर आतून बघावं,” वहिनी म्हणाली. “उघड.”

दोघी शेजारी बसल्या. विकतचं विमान झकपक होतं, आवाज तर आत्याच्या विमानापेक्षा सरस, हे तिने लगेच कबूल केलं. मग ती फळीजवळ गेली आणि इंधनाच्या तबकडीवर थांबली. तबकडीला चार स्क्रू. त्यातल्या तिनांवर फुलीची खाच. खालच्या डाव्याला सरळ, एकच रेघ.

आत्याने हात जोडले. वहिनीला वाटलं, हरली.

तो स्क्रू नकाशात असूच शकत नव्हता. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या विमानात नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी विमान सुटायची घाई होती, चौथा स्क्रू हातातून निसटून फळीमागे पडला. तो शोधून काढला आत्यानेच, पण त्याची खाच झिजली होती, आणि जोडीचा स्क्रू गोदामात नव्हता. तिने तशाच मापाचा सरळ खाचेचा बसवला. घट्ट बसला. पण वहीत नोंद करायला हवी होती, ती केली नाही. उद्या बदलू म्हणाली आणि तो उद्या कधी उजाडलाच नाही. पुढे फोटोत दिसला तसाच तिने तो कॉम्प्युटरवरही काढला. खोटं कशाला काढायचं?

कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. इथे कर होती. पुरावा द्यायचा तर आपली लबाडी चारचौघांत सांगायची, आणि त्या दिवशीचं काम तपासल्याच्या कागदावर सही होती तपासनीस साहेबांची. हँगरमध्ये त्यांचा शब्द म्हणजे कुलूप. ते आता थकून घरीच असत. आत्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडे गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले की एका खेळातल्या विमानासाठी, तेही फुकटच्या, या वयात माझी अब्रू काढतेस.

“माझी काढते. तुमचं नाव लिहीत नाही,” आत्या म्हणाली. “पण माझं विमान चोरीचं म्हणवून घेणार नाही. त्यापेक्षा मी चुकलेली बरी.”

आत्या परवानगी मागायला गेलीच नव्हती. आधी कानावर घालायला गेली होती.

घरी येऊन तिने लिहिलं. विमानाचा क्रमांक, तारीख, फोटो, स्क्रू. ‘हा चुकीचा स्क्रू मी बसवला आणि नोंद लपवली. ही चूक माझी आहे. कंपनीने तो कुठल्या नकाशात पाहिला, ते तिने दाखवावं.’ खाली पूर्ण नाव आणि हँगरमधला कामगार क्रमांक.

दोन-चार जुन्या सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. एकाने लिहिलं, अशा हातांवर आम्ही प्रवाशांचे जीव सोपवले. आत्याने ते पुसलं नाही. खाली फक्त ‘बरोबर आहे’ लिहिलं. कंपनीने नकाशा काही दाखवला नाही. आठव्या दिवशी तक्रार गुपचूप मागे घेतली आणि विकतच्या विमानात तो स्क्रू बदलून फुलीचा केला. आत्याने आपला तसाच ठेवला.

महिन्याभराने साहेबांचा फोन आला. सुनेकडून ते विमान कॉम्प्युटरवर घेतलं होतं म्हणे. कसे आहात वगैरे काही नाही. उजव्या इंजिनाच्या तापमानाचा काटा दोन रेघा खाली उभा राहतो, सावधगिरीचा दिवा पिवळा हवा, तू केशरी केलास, असं त्यांनी सुरूच केलं.

आत्या म्हणाली, फुकटच्या विमानाची एवढी तपासणी?

“लिहून घे,” साहेब म्हणाले. “आणि या खेपेला नोंद कर.”