लाल चिंधी आणि नाचणारी बाई

देव तयार करायला किती वेळ लागतो, सांगू शकाल? माझ्या नास्तिक बापाला एक दुपार पुरली.

२०१२ साल. माया लोकांच्या हिशेबाने जग बुडणार, असा टीव्हीवर गोंगाट चालला होता आणि सोबत त्यांचे समुद्राकाठचे पडके राजवाडे दाखवत होते. बाबा भडकले. "तिकडचे दगड पाहून राहिले, आपले कोण पाहील?" ते वाटत त्या अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. तीच पिशवीत भरून ते मला सौंदड गावापलीकडच्या जंगलात, तळ्याकाठच्या उद्यानात घेऊन गेले.

तिथे झाडांत जुने मोडके खांब आहेत आणि एका शिळेवर नाचणारी बाई कोरलेली आहे. नाक, पैंजण, सगळं शाबूत. पण सहलीला आलेल्यांनी तिला टेकूनच चूल मांडली होती. आम्ही पत्रकं वाटली. त्यांनी त्यांवर कांदा चिरला.

मग बाबांनी शिळेभोवती दगडांचं रिंगण रचलं, चौकीदाराकडून चुना घेऊन त्याला फासला आणि बांबूला लाल चिंधी बांधली. रस्त्याच्या कामावर धोका दाखवायला बांधतात, तशी.

महिन्याभराने गेलो, तर शिळा शेंदराने माखलेली. एक बाई त्या कोरलेल्या नाचणारीच्या गुडघ्यावर नारळ फोडायच्या बेतात होती. गुडघ्याचा टवका आधीच उडाला होता.

"चपला काढा!" ती आमच्यावरच ओरडली.

"बाई, ही देवी नाही! हे रिंगण मीच घातलं!" बाबा म्हणाले.

"तुमी? कायले? सपनात आली होती का?"

"कोणी नाही आलं! तिथं चूल मांडू नये म्हणून..."

"म्हणजे तिले चटका बसून राहिला होता," तिने मागच्या बायांना समजावलं आणि बाबांच्या पाया पडली.

मी कुजबुजले, "बाबा, देवीले नारळ चालत नाही म्हणून सांगून टाका."

"जिंदगीभर पत्रकं वाटली, ती हे सांगाले?" ते बाईकडे वळले. "माय, नारळानं दगड फुटते. बाकी काही नाही."

"बरं भाऊ. तुमीच मांडली, तुमचा शब्द कायले मोडू?" तिने नारळ बाजूच्या झाडाच्या मुळावर फोडला आणि पहिला तुकडा बाबांना दिला. तो आपण खोबरं म्हणून खाल्ला, प्रसाद म्हणून नाही, हे ते एसटीत घरी, आमच्या इकडच्या गोरेगावपर्यंत मला पटवत होते.

रिंगण आम्ही त्याच दिवशी, बाया गेल्यावर, मोडलं होतं. नंतर बायांनी ते पुन्हा रचलं. बाबा काही रोज तिथे उभे राहू शकत नाहीत. तेव्हा तुम्ही गेलात तर हात जोडा किंवा नका जोडू. पण तिच्या अंगावर कोणी नारळ फोडताना दिसलं, तर त्याचा हात धरा.