गोल न करणारं स्थळ

लहानपणी मी बर्फ पाहिला तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर, तोही आईची नजर चुकवून. तेव्हा सिंगापूरसारख्या बारमाही घामाच्या गावात राहून मी आइस हॉकीचा भक्त कसा झालो, असं कोणी विचारलं की मी सरळ चीफकडे बोट दाखवतो. चीफ म्हणजे सेंगकांगला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे, जहाजावरून निवृत्त झालेले चीफ इंजिनिअर. एका हिवाळ्यात त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी कॅनडातल्या एका बंदरात अडकलं. कोणीतरी त्यांना हॉकीच्या मॅचला नेलं, आणि माणूस तो रोग घेऊनच परत आला. त्यांच्याकडून तो मला लागला आणि माझ्याकडून जुरोंग ईस्टला राहणाऱ्या माझ्या ऑडिटर मित्राला. तिकडे रात्री मॅच असते तेव्हा इकडे सकाळ असते, त्यामुळे आम्ही ऑफिसला जातो ते बहुतेक हरूनच.

वर्षातून एकदा तिकडचे सगळे संघ पाळीपाळीने नवे, कोवळे खेळाडू निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आमच्याकडे मात्र त्याला ‘बघण्याचा कार्यक्रम’ असं नाव आहे, कारण पहिल्याच वर्षी माझ्या बायकोने योगायोगाने कांदेपोहे केले होते आणि टीव्हीवर सुटाबुटातला एक मुलगा आईवडिलांच्या मध्ये अवघडून बसलेला दिसत होता. तेव्हापासून पोहे ठरलेले. चीफ इस्त्रीचा शर्ट घालून येतात. ऑडिटर संबंध बेट ओलांडून नारळाची बर्फी आणतो. मग मुलाची उंची, वजन, घरची माणसं, आधी कुठे कुठे खेळला, सगळी चौकशी होते. मुलाला किंवा त्याच्या संघाला याचा पत्ता नसतो, पण आम्ही नापसंत केलेल्यांचं पुढे काही भलं झालेलं नाही, असं चीफ ठामपणे सांगतात.

यंदा ड्राफ्टच्या दिवशी आमच्या घरात वेगळंच प्रकरण शिजत होतं. माझी मुलगी शाळेच्या फ्लोअरबॉलच्या टीममध्ये आहे. फ्लोअरबॉल म्हणजे बर्फ वजा केलेली हॉकी; सभागृहाच्या फरशीवर, भोकांच्या प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळतात. वर्षभरात तिने एकही गोल केला नव्हता. कोच तिला फॉरवर्ड म्हणून उतरवायचे आणि समोरच्या संघातल्या सगळ्यात चांगल्या मुलीच्या मागे लावून द्यायचे. वर्गातल्या मुली आता तिला टीममध्ये नक्की काय करतेस, असं विचारायला लागल्या होत्या. आदल्या दिवशी तिने आईला सांगून टाकलं होतं की शनिवारी दुपारची मॅच शेवटची, सोमवारी कोचना नाव काढायला सांगणार. तिला हा खेळ किती आवडतो ते मला माहीत होतं. झोपताना स्टिक पलंगाला टेकवून ठेवणारी मुलगी ती. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला नेहमी होतं तसं झालं, म्हणजे काय बोलावं ते सुचेना.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. ती डायनिंग टेबलाशी पोह्यांतले मटार वेचून बाजूला काढत होती. आमच्या संघाची पाळी आली आणि त्यांनी एका लांबुडक्या चेहऱ्याच्या मुलाचं नाव घेतलं. पडद्यावरचा माणूस कौतुकाने सांगत होता की हा बचाव करणारा फॉरवर्ड आहे, म्हणजे पुढच्या फळीत खेळतो, पण त्याचं मुख्य काम धावत मागे येऊन दुसऱ्यांचे गोल अडवण्याचं. शेवटी तो म्हणाला, मुलगा अतिशय जबाबदार आहे.

ऑडिटरने बशी खाली ठेवली. त्याचं म्हणणं पडलं की स्थळाबद्दल सांगण्यासारखं काहीच नसलं की मध्यस्थ हेच म्हणतात, मुलगा जबाबदार आहे. त्याच्या स्वतःच्या वेळीही असंच म्हटलं होतं आणि त्याची बायको अजून ते काढते.

चीफ तर कमालीचे दुखावले होते. इतक्या वर आपली पाळी, गोल मारणारी दोन पोरं अजून शिल्लक, आणि आपण हा धुतल्या तांदळासारखा मुलगा उचलला! पुढच्या फळीत उभं राहून गोल न मारणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवताच परत येणं, असं त्यांनी सुनावलं. ऑडिटरने फोनवर मुलाचे गेल्या मोसमातले गोल काढून दाखवले. ते बघून चीफनी बर्फी परत ठेवली.

मी टेबलाकडे पाहिलं. मटार वेचणं थांबलं होतं. मुलीची मान खाली होती आणि कान लाल झाले होते. आम्ही कोणाला नापसंत करत होतो ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

मग मी त्या मुलाची बाजू घ्यायला लागलो आणि सगळंच हातातून गेलं. म्हटलं, त्याची उंची चांगली आहे. ऑडिटर म्हणाला, टीव्हीचं कपाटही उंच आहे. म्हटलं, घराणं खेळाडूंचं आहे. तर त्याचे वडील दंतवैद्य निघाले. शेवटी मी म्हणालो की मुलाच्या चेहऱ्यावर एक सात्त्विक भाव आहे. स्वयंपाकघरातून बायको हसली.

तेवढ्यात मुलगी उठून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. ती मोठ्यांशी बोलताना अर्धं इंग्लिश बोलते आणि वाक्याच्या शेवटी इथला ‘लाह’ चिकटवते, पण ते सगळं तिने जवळजवळ मराठीत म्हटलं.

“चीफकाका, तुम्ही शिपवर असताना कधी गोल मारला?”

चीफ गोंधळले. म्हणाले, शिपवर कसला गोल?

“इंजिन बंद पडू नये म्हणून तुम्ही होतात ना? हे काका ऑफिसात जाऊन लोकांच्या चुका पकडतात. बाबा बँकेत रिस्कमध्ये आहे, त्याचं काम म्हणजे पैसे बुडू द्यायचे नाहीत. इथे कोणीच गोल मारत नाही, लाह. तिघंही नुसते अडवता. मग त्याला का हसता?”

एवढं बोलून ती खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तिने ते हळूच लावलं.

टीव्हीवर पुढच्या संघाने गोल मारणारा एक मुलगा नेला. आमच्यापैकी कोणी तिकडे बघेना. रॅफल्स प्लेसच्या बँकेत इतकी वर्षं मी जे करतोय ते इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितलं नव्हतं. ऑडिटर आपल्या चुका पकडण्याच्या धंद्याबद्दल काहीतरी पुटपुटला. चीफनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की इंजिनरूममध्ये प्रत्येकाची चार तासांची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, असते. ती संपली की जाणारा माणूस येणाऱ्याला सांगतो, काय काय झालं. “त्यात सगळ्यात चांगलं ऐकायला काय मिळायचं माहितीये? काही झालं नाही. एवढंच. ते ऐकलं की मी निवांत झोपायचो.”

मग त्यांनी विचारलं की मॅच किती वाजता आहे. मुलीने कोणी यायचं नाही असं बजावलं होतं. तरी आम्ही तिघं गेलो, सगळ्यात मागच्या बाकावर बसलो, आणि चीफचा आवाज इंजिनरूममध्ये घडलेला असल्यामुळे पहिल्या मिनिटातच तिला कळलं.

समोरच्या संघात एक उंच, झुपकेदार पोनीटेलची मुलगी होती. तिचे आईवडील कॅमेऱ्याचं तिकाटणं लावून बसले होते, यावरून ती काय चीज आहे ते समजत होतं. आमची कन्या तिला चिकटली. पोनीटेल डावीकडे गेली की ही डावीकडे. तिच्याकडे चेंडू निघाला की ही आधीच मधे. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि अडचण तीच झाली, कारण टाळ्या कधी वाजवायच्या ते आम्हाला कळेना. गोल झाला की ओरडायचं, एवढंच आम्ही इतकी वर्षं शिकलो होतो. शेवटी चीफनी ठरवलं की काही झालं नाही की टाळ्या वाजवायच्या. मग चेंडू कुठेतरी भलतीकडे घरंगळत असताना मागच्या बाकावरून टाळ्या पडायला लागल्या. इतर पालक वळून वळून बघत होते.

उत्तरार्धात कोचनी तिला दम घ्यायला बाहेर बोलावलं. ती पाण्याची बाटली उघडते आहे तोच पोनीटेलने मोकळ्या जागेतून गोल ठोकला. ऑडिटर ताडकन उठला आणि सगळ्या सभागृहाला मराठीत सांगायला लागला की ती बाहेर होती, नोंद घ्या, ती बाहेर होती. मी त्याला शर्टाला धरून खाली बसवलं. कोचनी तिला लगेच परत आत पाठवलं आणि शेवटपर्यंत बाहेर काढलं नाही. पोनीटेलला पुन्हा काही सुधरलं नाही. आमच्या टीममधल्या एका मुलीने शेवटी कसाबसा एक गोल केला आणि मॅच बरोबरीत सुटली. सगळ्या जणी त्या मुलीच्या अंगावर धावल्या. माझीही धावली, सगळ्यात मागून.

बाहेर आम्ही फाटकाजवळ थांबलो होतो. ती स्टिक खांद्यावर टाकून आली, चेहरा घामाने चमकत होता, आणि आल्या आल्या मला म्हणाली की इतक्या टाळ्या वाजवायच्या नसतात, सो पैसेह, म्हणजे लाज आणलीत. चीफ पुढे झाले, इस्त्रीचा शर्ट नीट केला आणि ड्युटीवरच्या माणसाशी बोलावं तसे तिच्याशी बोलले.

“तुझ्या वॉचमध्ये काही झालं नाही.”

तिने स्टिक त्यांच्या हातात दिली, बुटाची नाडी बांधायला खाली वाकली, आणि बराच वेळ नाडीच बांधत बसली.

“बाबा,” ती खालूनच म्हणाली, “सोमवारी प्रॅक्टिस आहे. मला यायला उशीर होईल, आईला सांग.”